रत्नागिरीतल्या ऑफिसचा मेल सर्व्हर माझ्या गळ्यात पडलाय. त्यावरच्या पोस्टफिक्स या मेल सॉफ्टवेअरचं जाडजूड पुस्तक घेऊ का?

घ्या, जुनं मिळालं तरी चालेल. क्यू (पाठवायच्या मेलची रांग), रिले (मेल पुढच्या सर्व्हरकडे देणं), बाउन्स (न पोचलेली मेल परत येणं) यांचा मूळ हिशोब १९८२ च्या एसएमटीपीपासून, म्हणजे मेल पाठवण्याच्या नियमांपासून, फारसा बदललेला नाही आणि तो सलग समजतो पुस्तकातच. पावसात लाईट गेली, पाठोपाठ नेट गेलं की साहेब विचारणारच, "येणाऱ्या मेलचं काय?" पाठवणाऱ्याचा सर्व्हर ती क्यूत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, पोस्टफिक्समध्ये ही मुदत सेटिंग न बदलता ५ दिवस असते. एवढं माहीत असलं की घाम फुटत नाही.

एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्याच डोमेनवरून आली का हे तपासायच्या पद्धती) मात्र जुन्या पुस्तकातून नको. जीमेलने २०२४ मध्ये नियम कडक केलेत, ते त्यांच्याच पानावर वाचा. आणि छापीलच घ्या हो, पीडीएफ नको. जूनमध्ये कळेल का ते.