गडद काच म्हणजे लेसरचा चष्मा नव्हे

प्रश्न : मी त्वचाविकारांच्या दवाखान्यात परिचारिका आहे. आमच्याकडे दोन लेसर यंत्रे आहेत. एक एनडी-याग, ज्याचे किरण १०६४ व ५३२ नॅनोमीटरचे असतात, आणि दुसरे केस काढण्याचे ७५५ नॅनोमीटरचे अलेक्झांड्राइट. दोन्हींसाठी आम्ही एकच गॉगल वापरतो. काच बरीच गडद असल्याने तो कोणत्याही यंत्राला चालतो, असे मला सांगण्यात आले. शिवाय मी बाजूला उभी असते, किरणाकडे पाहतही नाही. मग धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि तो मोठा आहे. काच डोळ्यांना गडद दिसते म्हणजे ती लेसर अडवते असे नाही. गडद काच दिसणारा उजेड कमी करते, पण १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य किरण तिच्यातून सहज जाऊ शकतो. आणि अंधारल्यामुळे बाहुली मोठी झालेली असल्याने तो डोळ्यात अधिकच शिरतो.

म्हणून आज कामावर गेल्यावर गॉगलच्या काचेवर किंवा काडीवर छापलेले आकडे वाचा. तिथे तरंगलांबी, म्हणजे किरणाचा नॅनोमीटरमधला आकडा, आणि तिच्यापुढे 'ओडी', म्हणजे ऑप्टिकल डेन्सिटी, दिलेली असते. ओडी ६ असेल, तर त्या तरंगलांबीच्या किरणाचा दहा लाखांतला एकच भाग काचेतून पार होतो. ओडी २ असेल, तर शंभरातला एक, आणि शस्त्रक्रियेच्या लेसरपुढे तेवढे संरक्षण तोकडे पडते. तुमच्या तिन्ही तरंगलांबी आणि यंत्राच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेली ओडी त्या गॉगलवर नसेल, तर तो त्या यंत्रासाठी निरुपयोगी समजा. काहीच छापलेले नसेल, तर तो कोणत्याच लेसरजवळ वापरू नका.

४०० ते १४०० नॅनोमीटरमधला किरण कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि नेत्रभिंगातून आरपार जाऊन रेटिनावर (डोळ्याच्या मागच्या, प्रतिमा टिपणाऱ्या पडद्यावर) एका बिंदूत एकवटतो, आणि तिथे त्याची तीव्रता सुमारे लाखपट होऊ शकते. झगमगाट झाला की पापणी पाव सेकंदात मिटते, पण १०६४ नॅनोमीटरचा किरण दिसतच नाही, त्यामुळे ही सवय उपयोगी पडत नाही. आणि लेसरचा स्पंद, म्हणजे एका वेळचा झोत, इतका अल्पकाळाचा असतो की पापणी वेगाने मिटली, तरी उशीरच झालेला असतो. रेटिनाला वेदना होत नाहीत. इजा झालेल्याला कित्येकदा फक्त नजरेसमोर काळा ठिपका दिसू लागतो, आणि नष्ट झालेल्या पेशी पुन्हा येत नाहीत.

तुम्ही किरणाकडे पाहत नाही, हे बरे. पण डोळ्यापर्यंत येणारा किरण बहुधा कशावरून तरी परावर्तित झालेला असतो. चिमटा, अंगठी, घड्याळ, भिंतीवरचा आरसा, यांपैकी काहीही पुरेसे आहे. त्यामुळे खोलीतल्या प्रत्येकाने, रुग्णानेही, चष्मा घालावा, तोही कडांनी बंद असलेला. यंत्र 'स्टँडबाय'वरून 'रेडी'वर नेण्यापूर्वी सर्वांच्या डोळ्यांवर चष्मे आहेत का, हे मोठ्याने विचारण्याची पद्धत पाडून घ्या. दारावर सूचनाफलक असावा आणि त्याशेजारी त्याच तरंगलांबीचा चष्मा टांगलेला असावा, कारण दार उघडून आत डोकावणाऱ्याला तो आधी हवा असतो. ओरखडे पडलेली किंवा तडा गेलेली काच बदलून घ्या.

(कार्बन डायऑक्साइड लेसरची गोष्ट वेगळी आहे. त्याचा १०,६०० नॅनोमीटरचा किरण रेटिनापर्यंत पोहोचतच नाही. तो कॉर्निया भाजतो, म्हणून तिथेही संरक्षण लागतेच, मात्र त्याचा चष्मा तुमच्या यंत्रांना चालणार नाही.)

प्रश्न : लेसरने भुवयांखालचे केस काढताना डोळे घट्ट मिटून घेतले, तर पुरे का?

उत्तर : नाही. पापणी पातळ असते आणि डोळा मिटताना बुबुळ वर, म्हणजे नेमके भुवईच्या दिशेने, सरकते. केसातील रंगद्रव्याला तापवणारा हाच किरण बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यालाही तापवतो, आणि अशा उपचारांनंतर त्या पडद्याला सूज आल्याच्या, बाहुली विरूप झाल्याच्या नोंदी आहेत. भुवईखालच्या, डोळ्याच्या खोबणीच्या आतल्या केसांसाठी लेसर वापरू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. पापणीवर अन्य कारणाने लेसर करणे अपरिहार्य असेल, तर डॉक्टर भूल देणारे थेंब घालून बुबुळावर धातूचे कवच बसवतात. ते बसवणार आहेत का, हे उपचाराच्या खुर्चीत बसण्याआधीच विचारा.