फिट थांबल्या, राग वाढला: डोंबिवलीच्या ताईंना उत्तर

ताई, तुमची पोस्ट रात्री दीड वाजता वाचली आणि मग झोप लागली नाही. (जागरण मला चालत नाही, पण असो.) मिस्टरांना दोन फिट (अपस्माराचे झटके) आल्या, लेव्हेटिरासेटम हे फिटचं औषध सुरू झालं, चार महिन्यांत एकही फिट नाही. पण मुलीने चप्पल दारात आडवी काढली एवढ्यावरून घर डोक्यावर घेतात, रात्री आठला झोपतात, सासूबाई म्हणतात आमच्यातले पुरुष तापटच. आणि तुम्ही विचारताय की त्यांना न सांगता अर्धी गोळी दिली तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. मी हे स्वतःवर करून बघितलंय. संध्याकाळची गोळी गुपचूप गाळायला लागलो, चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात पडलो, ओट्याच्या कडेने भुवई फुटली, तीन टाके. मी स्वस्तात सुटलो. अचानक डोस तोडला की कधी कधी फिट एकामागून एक येतात, थांबतच नाहीत, आणि तिथे जिवाशी खेळ असतो. तुम्ही न सांगता दिलीत आणि काही झालं, तर डॉक्टर कागदावरचा डोस बघून तो आणखी वाढवतील. त्यांना काय माहीत अर्धीच पोटात जातेय ते.

मी डॉक्टर नाही. भांडुपला राहतो, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब लिहितो. तुमच्या पोस्टमधला नवरा म्हणजे मी, म्हणून लिहितोय.

२०१९ मध्ये ठाण्याच्या फलाटावर पहिली फिट आली. (कोणीतरी नाकाला चप्पल लावली होती. कृपा करून हे कोणी करू नका. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेली तर १०८.) सुरुवातीला एप्टॉइन ही फिटचीच जुनी गोळी दिली. फिट थांबल्या पण वर्षाच्या आत हिरड्या दातांवर चढायला लागल्या, ब्रश केला की रक्त. हा त्या औषधाचा जुना, सगळ्यांना ठाऊक असलेला गुण आहे. मग २०२० च्या फेब्रुवारीत मला लेव्हेटिरासेटमवर आणलं. पुढच्या महिन्यात लॉकडाऊन लागला.

आता बघा कसं जमून आलं. दहा बाय बाराची खोली, चार माणसं, पगार अर्धा, बाहेर पोलीस. मी ओरडलो तर सगळे म्हणायचे, लॉकडाऊनने डोकं फिरलंय. आई म्हणायची अमावास्या आली की ह्याचं असंच होतं. मीही म्हणायचो. मला राग येतोय हे कळायचं, पण तो माझा नाही हे कळायचं नाही. कारण राग आला की त्याला कारण सापडतंच हो. चहा गार होता, मुलगा मोबाइल सोडत नव्हता, कुकरची शिट्टी लागत नव्हती. प्रत्येक वेळी मला मी बरोबरच वाटायचो. तुमचे मिस्टर खोटं बोलत नाहीयेत ताई, त्यांना खरंच ती चप्पल दिसते.

आणि माझी घोडचूक इथे आहे. त्या काळात ओपीडीऐवजी फोनवर बोलणं व्हायचं. मी फोन घेऊन गॅलरीत जायचो, बायकोला म्हणायचो तू आत बस. तिकडून एकच प्रश्न: "फिट आली का?" मी छाती फुगवून: "नाही, एकदम बरं आहे." "मग तेच चालू ठेवा." दीड मिनिट. नंतर ओपीडी सुरू झाली तरी हेच. बायको बाहेरच्या बाकावर, मी आत, फिट आली का, नाही, तेच चालू. तेरा महिने. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. आजही मी ताट जरा जोरात ठेवलं की तो मान वर करून बघतो.

डॉक्टरांना मी फार दोष देत नाही, बाहेर दोनशे माणसांची रांग असते. दोष देतो तो रेकॉर्डच्या खिडकीला. इस्पितळाचं नाव लिहीत नाही, लिहून काही होत नाही. माझा जुना केसपेपर त्यांच्याकडे हरवला. शोधा म्हटलं तर, "नवीन काढा, दहा रुपये." नवीन पेपरवर काय होतं? लेव्हेटिरासेटम चालू, फिट नाही. एप्टॉइन कधी बंद झाली, ही गोळी कधी लागली, त्याच्या आधी हा माणूस कसा होता, सगळं गायब. दर वेळी नवीन शिकाऊ डॉक्टर, त्याच्यासमोर तो कोरा पेपर. खिडकीवरच्या बाईंना मी तीन खेपा घातल्या, तिसऱ्या खेपेला त्या माझ्याकडे न बघताच "जेवणाची सुट्टी" म्हणाल्या. अकरा वाजले होते. असो, चिडणार नव्हतो मी.

तेव्हापासून प्रत्येक केसपेपरचा, गोळ्यांच्या प्रत्येक पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये. तुम्हीही आजच काढा.

सुटका बायकोने केली. मार्च २०२१. लोकल ठराविक वेळेत सगळ्यांना खुल्या झाल्या होत्या, ती म्हणाली आज मीही आत येणार. हातात कापडी पिशवी, पिशवीत गुंडाळलेलं गेल्या वर्षीचं कालनिर्णय. मला वाटलं दुधाचा हिशेब कशाला आणलाय. तिने ते डॉक्टरांच्या टेबलावर उलगडलं. दुधाच्या 'अर्धा', 'एक' ह्या आकड्यांच्या शेजारी पेन्सिलीने बारीक 'भां' लिहिलेलं. भां म्हणजे भांडण. आईच्या अमावास्येचा सोक्षमोक्ष लावायला तिने जूनपासून खुणा केल्या होत्या. अमावास्या, पौर्णिमा, एकादशी, कशाशी त्यांचा संबंध नव्हता. आठवड्याला चार-पाच, सरसकट. आणि फेब्रुवारीच्या पानावर तिच्याच अक्षरात 'नवीन गोळी'.

"हे पूर्वी असे नव्हते," एवढंच म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग पहिल्यांदा कोणीतरी मला झोप, चिडचिड, उदास वाटणं, नको ते विचार, सगळं विचारलं. लाज वाटली पण सांगितलं.

असा राग हा लेव्हेटिरासेटमचा माहीत असलेला परिणाम आहे, नजर नाही आणि खानदान नाही. मूळ कंपनीच्या माहितीपत्रकातच दिलंय: प्रौढांमध्ये वागणुकीतले असे बदल १३ टक्क्यांना दिसले, बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत ६ टक्क्यांना. ४ ते १६ वयाच्या मुलांत ३८ आणि १९. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही, औषध चांगलं आहे, माझ्या ओळखीत तिघं वर्षानुवर्षं सुखाने घेतायत. वाचून कोणी घाबरून सोडू नका. सासूबाईंना मात्र हे आकडे जरूर वाचून दाखवा.

मला ब्रिव्हारासेटमवर टाकलं. त्याच घराण्यातलं औषध आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत पेटंट संपलं, इथल्या बऱ्याच कंपन्यांनी ते काढलं आणि किंमत आमच्या आवाक्यात आली, तेव्हा माझं नशीब म्हणा. दोन-तीन आठवड्यांत घरातला आवाज उतरला. डोस मुद्दाम लिहीत नाही, कारण कोणीतरी केमिस्टकडे जाऊन मागेल. आणि सगळ्यांना ते लागू पडतंच असं नाही, त्यानेही काहींना चिडचिड आणि झोप येते. तुमचे डॉक्टर कदाचित डोस कमी करतील, दुसरंच औषध देतील, बी ६ जीवनसत्त्व लिहून देतील. बी ६ मलाही आधी काही दिवस दिलं होतं, फरक पडला की नाही सांगता येत नाही. त्याचा पुरावा तसा तोकडाच आहे, आणि जास्त मात्रेत बरेच दिवस घेतलं तर हातापायांच्या नसांना त्रास होतो, तेव्हा मनाने सुरू करू नका.

आठ वाजता झोपण्याबद्दल. सुस्ती सुरुवातीला बरीच असते, पुष्कळांची ओसरते. मी एकदा ठाण्याला जायचा तो डोळा लागून थेट कल्याणला उतरलो होतो. सकाळची आणि रात्रीची मात्रा कशी वाटायची हे डॉक्टरांना विचारता येतं. मूत्रपिंडाची तपासणी झाली नसेल तर तेही विचारा, हे औषध बहुतांशी लघवीवाटे जातं, किडनी मंद असेल तर ते अंगात साठतं. आणि त्यांना लोकलच्या दारात उभं राहू देऊ नका. भांडून का होईना, आत ढकला.

जागरण, कडक उपास टाळा. आमच्याकडे गौरी-गणपतीला मी आरती झाली की झोपतो, नातेवाईक काय म्हणायचं ते म्हणोत.

केमिस्ट दुसऱ्या कंपनीची पट्टी देत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मी जन औषधीतून घेतो, स्वस्त पडतं, पण दर महिन्याला त्याच कंपनीची.

दुसऱ्या कोणी ताई वाचत असतील आणि त्यांना व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध चालू असेल, तर मूल होऊ द्यायच्या आधी डॉक्टरांशी बोला, नंतर नाही. बाळाला धोका असतो. हे विषयाला सोडून आहे, पण हे मला कोणी लिहिताना दिसत नाही.

एक गोष्ट गंभीर आहे. मिस्टर "माझं काही खरं नाही", "संपवून टाकतो" असं काही बोलले, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी इस्पितळात न्या. फिटच्या औषधांनी असे विचार वाढू शकतात, अशी सूचना अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये सगळ्याच औषधांबाबत दिली होती. १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीच्या टेली मानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं. आणि ते हात उगारत असतील तर मुलीला घेऊन माहेरी जा. गोळीमुळे होतंय म्हणून मार खायचा नसतो. हे मी त्यांच्या बाजूचा माणूस म्हणून सांगतोय.

पुढची तारीख कधी आहे? लांब असेल तर आधीच जा. कॅलेंडरवर खुणा आजपासून करा, पण त्यांना दाखवून करा, चोरून नाही. माझ्या बायकोने चोरून केल्या ह्याचं मला आठवडाभर वाईट वाटत होतं. केसपेपरच्या वर एका चिठ्ठीत तीन ओळी लिहून टाचणी लावा: गोळी कधी सुरू झाली, आधी कसे होते, आता काय होतं. आणि ते "तू बाहेर बस" म्हणाले तर बसू नका. काय झालं ते इथे कळवा.