बोअरच्या पाण्यात फ्लोराइड 2.4 निघालं, बायकोचा टीएसएच 9 आलाय, पाण्यामुळेच का?

आधी बोअरचं बोलतो, 2.4 हे जास्तच आहे, आपल्याकडे मर्यादा 1 मिलिग्रॅम प्रति लिटर आणि दुसरी सोयच नसेल तर 1.5, त्यामुळे थायरॉईडचं काहीही निघो, ते पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला आजपासून बंद करा. मी किनवटकडचा आहे, आमच्याकडे ग्रॅनाइटचा खडक, त्यातून फ्लोराइड पाण्यात उतरतं, पोरांचे पिवळे-तपकिरी दात बघतच मोठा झालो. दात दिसतात म्हणून लोकांना कळतं, थायरॉईडचं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आता वहिनींचं. टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीकडून थायरॉईडला येणारा 'काम कर' असा निरोप, तो वाढला की थायरॉईड कमी पडतोय असं समजतात. थायरॉईड ग्रंथी मुख्यतः टी4 हे हार्मोन बनवते, त्यात आयोडीनचे 4 अणू, त्यातला एक काढला की टी3 होतं आणि खरं काम तेच करतं. हे काढायचं काम लिव्हर, किडनी वगैरे ठिकाणची एन्झाइम करतात, त्यांना सेलेनियम लागतं. फ्लोराइड जास्त झालं की या कामात अडथळा येतो असं काही अभ्यासांत दिसलंय, पूर्वी तर थायरॉईड जास्त चालणाऱ्या पेशंटला तो कमी करायला फ्लोराइड देऊन बघायचे. पण सगळ्यांवर सारखा परिणाम होत नाही, कॅनडातल्या एका अभ्यासात ज्यांना आयोडीन कमी पडत होतं त्यांच्यातच फ्लोराइडबरोबर टीएसएच वाढलेला दिसला. म्हणून विचारतो, घरात मीठ कुठलं वापरता? हल्ली सैंधवाचं फॅड आलंय आणि बहुतेक सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं, वरून पाणी असं, म्हणजे दोन्हीकडून मार. साधं आयोडीनवालं मीठच आणा.

पाण्याच्या रिपोर्टात नायट्रेटही बघा, मर्यादा 45 मिलिग्रॅम प्रति लिटर. थोडं निसर्गतः असतं, पण आपल्याकडे जास्त येतं ते उकिरडा आणि युरियातून, आणि ते ग्रंथीत शिरायच्या दारातच आयोडीनची जागा अडवतं. मीठ बरोबर असूनही पाणी त्रास देऊ शकतं बरं का, कोलंबियात कौका खोऱ्यात मिठात आयोडीन घातल्यावरही मुलांचा गलगंड गेला नाही, शोधलं तर जैविक पदार्थांनी भरलेल्या गाळाच्या खडकांतून येणाऱ्या विहिरींच्या पाण्यावर संशय गेला.

तरीही 9 चा दोष एकट्या पाण्यावर टाकू नका. डॉक्टरांना विचारून अँटी-टीपीओ ही रक्ताची तपासणी करून घ्या, ते पॉझिटिव्ह आलं तर शरीरच ग्रंथीवर हल्ला करतंय, मग पाणी बदलून ते थांबणार नाही. आणि थायरॉईडची गोळी चालू असेल तर कृपा करून मनानं बंद करू नका, माझ्या आईनं घरी आरओ बसल्यावर 'आता पाणी चांगलं झालं' म्हणून गोळी सोडली आणि तीन महिन्यांत टीएसएच परत वर. बाळाचा विचार चालू असेल तर डॉक्टरांना हे पहिल्याच भेटीत सांगा, पहिल्या महिन्यांत बाळ आईच्याच हार्मोनवर असतं.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. कँडल फिल्टर, युव्ही, नुसती तुरटी फिरवणं, यानंही नाही. आरओ किंवा अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाचा फिल्टर लागतो. ते जमेपर्यंत गावातल्या जुन्या उघड्या विहिरीचं पाणी तपासून घ्या, बऱ्याचदा तिथं बोअरपेक्षा फ्लोराइड कमी निघतं, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगितलं तर तो सॅम्पल पाठवतो. नायट्रेटचा आकडा मिळाला की इथे टाका, बघतो.