सरकला, सरकवला की पळायला लावला?

प्रश्न असा आला आहे. चार-पाच मित्र मिळून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रं वठवत, फासे टाकत खेळायचा खेळ खेळतात, बोलणं सगळं मराठीत, आणि त्यांच्यातला एकजण लढाईचे नियम मराठीत लिहून काढतो आहे. 'अपॉर्च्युनिटी अटॅक'चा नियम त्याने असा उतरवला: 'शत्रू आपल्या आवाक्याबाहेर सरकला तर त्याच्यावर एक संधिहल्ला करता येतो.' पहिल्याच रविवारी यावरून जुंपली. मांत्रिकाने 'थंडरवेव्ह' हा मंत्र टाकला, त्या धक्क्याने समोरचा शत्रू, एक गोब्लिन, १० फूट मागे गेला आणि त्याच्या शेजारचा लढवय्या म्हणाला, "सरकला की! माझा हल्ला." खेळ चालवणारा म्हणे, नाही. लढवय्याने कागदावर बोट ठेवलं. आता विचारणा आहे ती 'संधिहल्ला' हा शब्द बरोबर आहे का, याची.

त्या शब्दाकडे येतो, पण भांडण त्याने लावलेलं नाही. ते लावलं 'सरकला'ने.

सरकणाऱ्याची इच्छा मराठी विचारत नाही. बाकावरचा माणूस 'जरा सरका' म्हटलं की सरकतो, तसा हँडब्रेक न लावलेला ट्रकही उतारावर सरकतो. लग्नाची तारीख सरकते, पायाखालची वाळू सरकते. जाणं, हलणं, पडणं ही क्रियापदंही त्याच गोत्रातली. म्हणजे लढवय्या कागदाला धरून बोलत होता आणि कागदापुरता तोच बरोबर होता. चूक कागदाची.

मूळ नियम बघा. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत स्पष्ट म्हटलं आहे, की तुमची स्वतःची चाल, ॲक्शन किंवा रिॲक्शन खर्च न होता दुसऱ्या कुणी वा कशाने तुम्हाला हलवलं, तर हा वार ओढवत नाही. (ॲक्शन म्हणजे आपल्या पाळीतली मुख्य कृती; रिॲक्शन म्हणजे दुसऱ्याने काही केलं की त्यावर झटकन करायची कृती.) स्फोटाने उडालात, किंवा वरून पडताना शत्रूच्या समोरून खाली गेलात, तर वार नाही. टेलिपोर्ट झालात, म्हणजे जादूने क्षणात दुसरीकडे पोचलात, तरी नाही. थंडरवेव्हच्या गोब्लिनने स्वतःचं काहीच खर्च केलेलं नाही. तो सुटला.

हा भेद दाखवायला मराठीत नवे शब्द पाडावे लागत नाहीत, तो रोज आपल्या तोंडी असतो. 'त्याने पाऊल मागे घेतलं' आणि 'त्याचं पाऊल मागे पडलं', ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. पाऊल तेच, दिशा तीच. पहिल्यात 'ने' लागला आणि माणूस हिशेबाला धरला गेला. दुसऱ्यात तो 'त्याचं' होऊन पावलाच्या मागे जाऊन उभा राहिला. जे झालं ते पावलाचं झालं. लढवय्याचा हल्ला लागू पडतो तो पहिल्या वाक्याला. दुसऱ्याला नाही.

इथे एक मोह होतो आणि तो टाळायला हवा. 'स्वेच्छेने सरकला तर' असं लिहिलं की काम झालं असं वाटतं. नाही झालं. या खेळात 'डिसोनंट व्हिस्पर्स' नावाचा मंत्र आहे. कानात अशी काही भेसूर कुजबुज होते, की तिच्यापुढे टिकाव न लागलेला जीव आपली रिॲक्शन खर्चून मांत्रिकापासून जमेल तितका लांब पळतो. यात स्वेच्छा औषधालाही नाही, तरी वाटेत शेजारचा लढवय्या त्याच्यावर वार करू शकतो, कारण रिॲक्शन त्याची स्वतःची गेली. नियम इच्छा विचारत नाही, खर्च विचारतो.

आणि बघा, मराठीने हाही कप्पा वेगळा ठेवला आहे. 'पळवणं' आणि 'पळायला लावणं' यांत आपण कधी गल्लत करत नाही. चोराने सायकल पळवली, तेव्हा सायकलला कुणी विचारलं नव्हतं. कुत्र्याने मला पळायला लावलं, तेव्हा मलाही कुणी विचारलं नव्हतं, पण पाय माझे होते आणि धापही मलाच लागली. थंडरवेव्ह गोब्लिनला ढकलतो. व्हिस्पर्स त्याला पळायला लावतो. पहिल्यात वार नाही, दुसऱ्यात आहे. क्रियापद नेमकं बोललात की निकाल त्यातच येतो.

'आपण होऊन' हा शब्दप्रयोग मात्र राखून ठेवा, तो दुसरीकडे लागणार आहे. 'बूमिंग ब्लेड' या मंत्राचा मार बसलेला शत्रू जागचा हलला की कडाडून आणखी इजा होते, पण तो आपण होऊन हलला तरच. तिथे नियमच इच्छा विचारतो. त्यामुळे कुजबुज ऐकून पळणाऱ्या गोब्लिनला लढवय्याचा वार बसेल, पण ब्लेडची ती जादा इजा होणार नाही. दोन्ही नियमांत 'स्वेच्छेने' लिहिलंत तर पुढच्या रविवारी पुन्हा भांडण.

मग लिहायचं काय? मला आधी 'आपल्या पायांनी' सुचलं होतं. झकास मराठी आहे, पण या खेळात निम्मे शत्रू पंखांचे आणि काही तर बिनपायांचे. म्हणून 'स्वतःची चाल, ॲक्शन किंवा रिॲक्शन खर्चून'. 'चाल' मी बैलाच्या किंवा घोड्याच्या चालीच्या अर्थाने घेतो: एका पाळीत जितकं अंतर तोडता येतं ते. माणसाची चाल ३० फूट; पटावरचं एक घर ५ फुटांचं, म्हणजे सहा घरं. बुद्धिबळवाले इथे अडखळतील, कारण त्यांची एक चाल म्हणजे एक अख्खी पाळी. त्यांना एकदा सांगून टाकावं. 'चौकोन' मात्र लिहू नका. सोंगट्यांपासून बुद्धिबळापर्यंत पटावर 'घर'च असतं.

आता 'आपल्या आवाक्याबाहेर' यातलं 'आपल्या'. शत्रू आपल्या आवाक्याबाहेर गेला, म्हणजे कुणाच्या? मराठीत 'आपला' वाक्यातल्या कर्त्याला जाऊन चिकटतो आणि इथे कर्ता शत्रू आहे. नियमाला हवा आहे वार करणाऱ्याचा आवाका. एरवी दोघांचा ५ फुटांचा असतो, त्यामुळे फरक जाणवत नाही. लढवय्याच्या हातात लांब दांड्याचा हॅलबर्ड आला की जाणवतो, कारण तो १० फुटांवर पोचतो. गोब्लिन एक घर मागे हटला तर तो स्वतःच्या आवाक्याबाहेर गेला, लढवय्याच्या नाही. वार नाही. तेव्हा 'तुमच्या' लिहा.

'आवाका'ही मी बदलेन. आज तो कामाचा असतो, ग्रंथाचा असतो, किमती खिशाच्या आवाक्याबाहेर जातात. तलवारीच्या तोंडी तो बसत नाही. शिकारीतला 'टप्पा' घ्यावा, सावज टप्प्यात येतं तो. तोफेचा असतो तो 'पल्ला', तर धनुष्यालाही तोच द्यावा. धनुष्याचा पल्ला, तलवारीचा टप्पा. दोन्ही शब्द घरचे आणि खेळाला दोन्ही लागतात.

पण 'टप्प्याबाहेर' याऐवजी चुकूनही 'टप्प्यातून' लिहू नका. 'तो गावातून गेला' म्हणजे गावामधून पलीकडे गेला, की गाव सोडून गेला? दोन्ही. गंमत म्हणजे या खेळाच्या इतिहासातही असेच दोन अर्थ आहेत. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत शत्रूच्या माऱ्यातलं कुठलंही घर सोडलं की वार ओढवत असे, मग पुढचं घरही त्याच्याच माऱ्यात का असेना. सावधपणे एकच घर सरकणं किंवा रीतसर माघार घेणं, अशा पळवाटा होत्या. पाचव्या आवृत्तीत गोब्लिन लढवय्याभोवतीच्या आठही घरांत खुशाल प्रदक्षिणा घालू शकतो. टप्प्याच्या बाहेर निघाला तरच वार. जुना खेळाडू 'टप्प्यातून' वाचेल तर त्याच्या जुन्या सवयीला कागदोपत्री आधार मिळेल.

'निघाला' हेही मुद्दाम. वार शत्रू बाहेर जायच्या क्षणाआधी बसतो. 'गेला तर' लिहिलं की कुणीतरी विचारणारच, गेलाच आहे तर माझी तलवार पोचली कशी? 'निघाला' म्हटलं की पाऊल उचललेलं आहे, टेकलेलं नाही. ज्याच्याकडे 'सेंटिनेल' हे कसब आहे त्याचा हा वार लागला, तर शत्रूची चाल त्या पाळीपुरती शून्य होते आणि उचललेलं पाऊल तिथल्या तिथेच राहतं.

राहिला 'संधिहल्ला'. चूक म्हणणार नाही. 'संधिसाधू'मध्ये संधी याच अर्थाने आली आहे. पण समासात पुढे 'संधि' दिसला की डोळ्यांपुढे संधिप्रकाश, संधिकाल आणि गुडघे धरून बसलेला संधिवात येतो. माझ्या भाच्याने हा शब्द वाचून विचारलं, "मामा, गोब्लिनला सांधेदुखी झाली का?" 'निसटता वार' सुचेल, पण तो ओझरता लागलेला वार होतो. 'जाता जाता वार'मध्ये जाणारा आणि मारणारा एकच होऊन बसतो, म्हणजे अर्थ थेट उलटा. मी 'आयता वार' म्हणतो. शत्रूने पाठ फिरवून तो ताटात वाढलेला असतो. आयता आहे, फुकट नाही: रिॲक्शन जाते, आणि ती तुमची पुढची पाळी सुरू होईपर्यंत परत मिळत नाही. त्या 'रिॲक्शन'ला हात लावू नये असं माझं मत. 'प्रतिक्रिया' म्हटलं की कुणीतरी मत नोंदवतंय असं वाटतं.

तर कागदावर असं लिहा:

'तुम्हाला दिसत असलेला शत्रू स्वतःची चाल, ॲक्शन किंवा रिॲक्शन खर्चून तुमच्या टप्प्याबाहेर निघाला, तर तो बाहेर पडायच्या आत, रिॲक्शन खर्चून, तुम्हाला त्याच्यावर हातघाईचा एक आयता वार करता येतो.'

खाली दोन अपवाद जोडा: टेलिपोर्ट, आणि 'डिसएंगेज', म्हणजे त्या पाळीत असा वार ओढवून न घेता हलू देणारी ॲक्शन. या दुसऱ्याला 'माघार' म्हणू नका, कारण तो घेऊन पुढेही घुसता येतं, लढवय्याला बगल देऊन थेट मांत्रिकाच्या अंगावर. त्यासाठी 'काढता पाय' आहे. "मी काढता पाय घेतो आणि सहा घरं पुढे जातो," असं आमच्याकडे आता सर्रास बोलतात.