वाचकांचे प्रश्न: जुन्या लिव्हर-ॲक्शनवर नवीन साइट

प्रश्न: मी पिट्सबर्गजवळ राहतो. इथल्या मित्रांबरोबर हरणाच्या सीझनला जातो, त्यासाठी जुनी मार्लिन ३३६ रायफल घेतलीय, लिव्हर-ॲक्शन म्हणजे खालची लिव्हर हलवून काडतूस भरायची, .३०-३० काडतुसाची. पन्नाशी उलटली, आता मागच्या साइटची, म्हणजे नेम धरायच्या खुणेची, खाच धूसर दिसते. रेड डॉट लावू का स्कोप (दुर्बीण)? टॉर्च, नवीन हँडगार्ड (नळीखालचा हाताने धरायचा भाग) वगैरेपण बघतोय. रायफलचं वाटोळं तर होणार नाही ना?
– एक वाचक, पेनसिल्व्हेनिया

उत्तर: नाही होणार, पण आधी डोळ्याचं बघू. खाचेच्या साइटला डोळ्याला मागची खाच, पुढची साइट आणि हरीण असं तीन अंतरांवर एकदम बघावं लागतं आणि पन्नाशीनंतर ते जमतच नाही, त्यात तुमची काहीच चूक नाही. रेड डॉट म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट, त्यात ठिपका लांबवरच असल्यासारखा दिसतो, म्हणजे नजर हरणावर ठेवायची, दोन्ही डोळे उघडे, बस. पण विकत घ्यायच्या आधी दुकानात एकदा त्यातून बघाच, कारण ॲस्टिग्मॅटिझम हा डोळ्याचा दोष असेल तर गोल ठिपक्याऐवजी फुटलेली चांदणी दिसते. तसं दिसलं तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून तोच ठिपका बघा, कॅमेऱ्यात गोल दिसला की समजायचं साइट चांगलीय, प्रश्न डोळ्याचाय.

मग पीप साइट घ्या, म्हणजे मागे छोटं गोल भोक, त्यातल्या मोठ्या भोकाच्या प्रकाराला घोस्ट रिंग म्हणतात. बारीक भोकातून बघितलं की पुढची साइट आणि लक्ष्य दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात, बॅटरी लागत नाही, वजन नगण्य. माझं स्वतःचं मत विचाराल तर पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात, जिथे बहुतेक वेळा १०० यार्डांच्या आतच नेम धरायचाय, तिथे मी आधी हीच लावेन. १५० ग्रेन वजनाची गोळी १०० यार्डांना झीरो केली, म्हणजे तिथे नेम बरोबर जुळवला, तर २०० ला साधारण ८ इंच खाली जाते, तेव्हा मोठ्या स्कोपचा फायदा तरी किती घेणार?

मार्लिनचं बरंय, ३३६ ची रिकामी पुंगळी बाजूने उडते आणि रिसीव्हर (नळीमागचा धातूचा मधला भाग) वरून सपाट, बंद असतो, त्यामुळे रेल, म्हणजे साइट बसवायची पट्टी, लावायला अडचण नाही. वर भोकं आधीच पाडलेली आहेत का तेवढं बघा, खूप जुन्या रायफलींना नसतात. स्क्रू मात्र नीट लावा. पुढचे आणि मागचे वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात, अदलाबदल झाली आणि लांब स्क्रू आत घुसला तर आतला सरकणारा बोल्ट घासतो, म्हणून प्रत्येक स्क्रूनंतर (रायफल रिकामी आहे हे आधी दोनदा बघून) लिव्हर हलवून बघायची. भोकातलं तेल पुसा, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) थेंबभर, आणि रेलच्या कागदावर लिहिलंय तेवढंच आवळा. साइट जमेल तेवढी खाली बसवा, एआर रायफलचा उंच माउंट इथे लावला तर गाल दस्त्यावर टेकत नाही, हनुवटी हवेत राहते आणि दर वेळी नेम वेगळा. थोडी उंची झालीच तर दस्त्याला दोरीने आवळायचा चामड्याचा चीक-पॅड मिळतो.

स्कोपच घेतला तर हॅमरला, म्हणजे मागच्या घोड्याला, बाजूचं एक्स्टेन्शन लावाच. स्कोपखाली अंगठा जात नाही, आणि चेंबरमध्ये काडतूस असताना हॅमर हळूच खाली सोडताना अंगठा सटकला तर गोळी सुटू शकते. तेव्हा नळी नेहमी सुरक्षित दिशेलाच.

टॉर्च सोडून द्या, हरणासाठी रात्री जायचंच नाहीये. हँडगार्डचा खर्चपण सध्या राहू दे, त्यापेक्षा खांद्याला अडकवायचा एक चांगला पट्टा घ्या. ही रायफल हातात हलकी नि सडपातळ आहे म्हणूनच लोक ती अजून जंगलात नेतात, तिच्यावर जेवढं लादाल तेवढं ते सुख कमी होतं. आणि या रायफलच्या ट्यूब मॅगझिनमध्ये, जिथे काडतुसं एकामागे एक नळीत बसतात, टोकदार गोळी कधीच नको, टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे ठोका बसला की पेटणाऱ्या भागावर, टेकतं. सपाट नाकाची घ्या, नाहीतर खास लिव्हरसाठीची मऊ टोकाची.

प्रश्न: जुन्या विंचेस्टर ९४ या लिव्हर रायफलच्या फोटोत स्कोप डाव्या बाजूला सरकवलेला दिसला. असं का? मी कोल्हापुरात रायफल नेमबाजी करते.

उत्तर: जुन्या ९४ ची पुंगळी सरळ वर उडते, स्कोप मधोमध असेल तर त्यालाच आपटेल. १९८० च्या दशकात कंपनीने ती तिरकी उडेल असा बदल केला, तेव्हा स्कोप मध्ये आला. १९६४ च्या आधीची असेल तर मात्र नवीन भोक अजिबात पाडू नका असंच मी कुणालाही सांगेन, संग्राहकांच्या लेखी किंमत तिथेच पडते. मूळ भोकांमध्ये बसणारी पीप शोधायची. आणि पीप म्हणजे काही जुनाट कामचलाऊ वस्तू नाही हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार, तुमच्याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं ते गोल भोकातून बघूनच, त्या प्रकारात रायफलवर दुर्बीण चालतच नाही.