कसं वाटलं नको, कसं केलं ते विचार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

गाजलेल्या सिनेमांच्या पडद्यामागच्या गोष्टी लिहायच्या म्हणतोस आणि त्यासाठी नटांच्या मुलाखती मिळवून द्या म्हणतोस. त्या मी देणार नाही. नटाला शॉट लागल्यावर बोलावतात. तो लागला कसा, हे जाणणारी माणसं आपल्या कोल्हापुरात पेठापेठांत आहेत.

बाबूराव पेंटरांचंच बघ. आडनाव मेस्त्री. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर नाटकाचे पडदे रंगवायचे. सिनेमाचं वेड लागलं आणि दोघांनी कॅमेरा स्वतःच करायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूराव थांबले नाहीत. १९२० चा ‘सैरंध्री’ त्याच घरच्या कॅमेऱ्यावर निघाला. लोकमान्यांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं, हे सगळेच लिहितात. तू कॅमेऱ्याच्या पोटात शीर. फिल्म सलग धावून चालत नाही. प्रत्येक चित्रापुरती ती क्षणभर थांबायला हवी, तेवढ्यात उजेड आत जायला हवा, मग पुढची चौकट. मूकपटात हे सेकंदाला सोळाएक वेळा, तेही हातानं दांडा फिरवून! ती दातेरी चाकं इथं कापली, घासली, बसवली. माझ्या लेखी खरी गोष्ट ती.

मी लायटिंगला नवा असताना पंचगंगेकाठी पावसाचा सीन होता. टँकरचं पाणी उडतंय, पण कॅमेऱ्यात पाऊसच दिसेना. दिवा मी समोरून मारला होता. एका वयस्क लाइटमननं काही न बोलता तो उचलून पावसाच्या पाठीमागं नेला, आणि थेंबन् थेंब चमकायला लागला. श्रेयनामावलीत त्यांचं नाव नव्हतं. हे कुठं शिकलात, एवढंही मी कधी विचारलं नाही. आता ते नाहीत. फार लागतं मनाला.

म्हणून घाई कर. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत. १९४८ मध्ये दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा इथला जयप्रभा स्टुडिओ जळाला, त्यात काय काय गेलं! उरल्यात त्या आठवणी. त्या वाढतात, हे मात्र ध्यानात ठेव. एकच प्रसंग दोघांना वेगवेगळा विचार आणि जुळेल तेवढंच लिही.

रविवारी पाचनंतर ये. मंगळवार पेठेत एक जुने रंगभूषाकार आहेत, त्यांच्याकडं जाऊ. बसल्या बसल्या फोन काढू नकोस, आधी चहा होऊ दे. मग मे महिन्याच्या उन्हात मावळ्यांच्या मिशा घामानं सुटू नयेत म्हणून काय करायचात, एवढंच विचार आणि गप्प बस.

तुझा,
काका