पुढच्या चाकाची बेरिंग घणाने ठोकू नका

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पोळ्याच्या सुमारास नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली, तेव्हापासून पुढून घूं-घूं आवाज येतो आणि वेग ६०च्या वर गेला की तो वाढतो. गावातला मिस्त्री म्हणतो ग्रीस भरू. तुम्ही विचारता, नवी बेरिंग आणून वावरातल्या घरीच ठोकून बसवू का, आणि पुढच्या आठवड्यात नागपूरला जाणं जमेल का.

आधी ग्रीसचं. बंडीच्या आसाला वंगण घालतो तसं इथं चालत नाही. ही बेरिंग कारखान्यातूनच ग्रीस भरून, सील होऊन येते. चालून तापलेली बेरिंग गार पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी अन् बारीक गाळ आत ओढला जातो. गंज धरला की बदलण्याशिवाय इलाज नाही.

पण विकत घ्यायच्या आधी खात्री करा. सिमेंटच्या रस्त्यावर झिजलेले टायरही असेच घुमतात. डांबरी रस्त्यावर आल्याबरोबर आवाज बदलला तर टायरवर संशय घ्या. नाही बदलला, तर मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग हलकंसं उजवीकडे-डावीकडे करा. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक वेळा डावी बेरिंग गेलेली असते. मग गाडी जॅकवर घ्या. आपली काळी माती पाऊस झाल्यावर जॅक गिळते, म्हणून खाली जाड फळी टाका, मागच्या चाकांना दगड लावा, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. एका हाताने चाक फिरवा, दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. जात्यात खडा यावा तशी खरखर बोटांना लागते. कानापेक्षा मी या हातावर जास्त विश्वास ठेवतो. मग चाक वरून-खालून धरून हलवा. हाललं तर घरच्या कुणाला ब्रेक दाबायला बसवा. ब्रेक दाबल्यावर हालणं थांबलं तर बेरिंग. तरी हालत राहिलं तर बॉल जॉइंट (नकलला खालच्या दांड्याशी जोडणारा गोल सांधा) बघा. नकल म्हणजे बेरिंग जिच्यात बसते तो चाकामागचा लोखंडी भाग.

आता ठोकण्याबद्दल. मी स्वतः एकदा ठोकून बसवली आहे. जुनी बेरिंग वर ठेवून घण मारला, बसलीही झकास. चार महिन्यांत तोच आवाज परत. काढून उघडली तर आतल्या रिंगच्या चकचकीत वाटेवर सारख्या अंतरावर पुसट खळगे, आतल्या-बाहेरच्या रिंगांमध्ये फिरणाऱ्या एकेका गोळीचा एकेक. घणाचा प्रत्येक दणका गोळ्यांमधून गेला होता. तेव्हापासून मी एकच गोष्ट पाळतो: दाब गोळ्यांमधून जाऊ द्यायचा नाही. बेरिंग नकलमध्ये बसवताना दाब फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायचा. नंतर हब (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो भाग) बसवताना आतल्या रिंगला पाठीमागून टेकू द्यायचा. बेरिंग यंत्राने दाबून बसवणाऱ्या प्रेसवाल्यासमोर उभं राहून हे दोन्ही बघा. घाईत असला की तो नकल तशीच टेकवून हब दाबतो, आणि नवी बेरिंग तिथंच मरते.

म्हणजे काम अर्धं घरी, अर्धं प्रेसवर. चाकाच्या मधोमध असलेला ॲक्सलचा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा, त्याची चेपलेली कड आधी उघडून. मग कॅलिपर (ब्रेकची डिस्क दाबणारा भाग) सोडवून तारेने टांगा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपचा उभा दांडा) बोल्टवर खूण करून ठेवा, नाहीतर कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल बिघडतो. एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सर असेल तर तो आधी काढा. नकल काढून दारव्ह्यात किंवा यवतमाळात प्रेस असलेल्या लेथवाल्याकडे न्या. हब निघताना आतली एक रिंग बहुतेक हबवरच अडकून येते. ती ग्राइंडरने तिरपी कापून छिन्नीने फोडतात. हबला ग्राइंडर लागू देऊ नका, डोळ्यांना चष्मा हवाच. रिंगखाली हब निळा पडलेला किंवा घासलेला दिसला तर हबही नवा घ्या.

एबीएसच्या बऱ्याच गाड्यांत बेरिंगच्या एका बाजूला चुंबकी पट्टी असते. ती सेन्सरकडेच आली पाहिजे. दिसायला दोन्ही बाजू सारख्या, पण स्टेपलरची पिन जिथे चिकटते ती चुंबकी बाजू. उलटी बसली तर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं. सर्क्लिप (बेरिंग जागेवर धरणारी कडी) खाचेत पूर्ण बसली का, तेही बोटाने चाचपून पाहा.

ॲक्सलचा नट नवाच घ्या. तो टॉर्कच्या पान्याने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच आवळा, कुणाला तरी ब्रेक दाबून बसवून. तोवर गाडीचं वजन चाकावर देऊ नका, ढकलूही नका. शेवटी अलाइनमेंट (चाकं सरळ आहेत का ते) तपासून घ्या.

नागपूरची फेरी मात्र पुढे ढकला. नुसता आवाज असेल आणि चाक हालत नसेल, तर हळूहळू दारव्ह्यापर्यंत जा. चाक हालत असेल, किंवा थोडं चालवून हबजवळ हात धरल्यावर त्या बाजूला जास्त झळ लागत असेल, तर गाडी जागची हलवू नका; मिस्त्रीलाच घरी बोलवा.